कणीक तिंबताना...

मराठीत ‘कणीक तिंबणे’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत. एक स्वयंपाकघरातला आणि दुसरा आमच्या मास्तरकीतला! चौतीस वर्षं शाळेत शिकवताना दुसऱ्या अर्थाने मी अधूनमधून कणीक तिंबली असेन (त्या काळी पालकच येऊन सांगायचे, “सर, चांगला फोडून काढा याला”), पण पहिल्या अर्थाने कणकेला हात लावला तो वयाची सत्तरी ओलांडल्यावर. ही होती तोवर स्वयंपाकघराशी माझा संबंध चहाच्या कपापुरता. ही गेली त्याला आता पाच वर्षं होतील. मग हळूहळू कुकर लावायला शिकलो, पिठलं शिकलो, कोशिंबीर जमू लागली. पोळ्या मात्र अजून विकतच आणतो. आणि गेल्या पावसाळ्यात चक्क पिझ्झा शिकलो!

हसू नका. त्याचीच गोष्ट सांगायची आहे आणि गोष्टीच्या शेवटी एक मतही मांडायचं आहे. मास्तर माणूस, मत मांडल्याशिवाय उठत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू इथे भाईंदर पूर्वेला तीन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो आणि इंजिनीअरिंगला आहे. मी पश्चिमेला. दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतो, माझा मोबाईल ‘दुरुस्त’ करतो आणि संध्याकाळी परत जातो. (हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव लिहायचं नाही ही त्याची अट. नातेवाईक मंडळींना तो कोण हे कळेलच. तो म्हणाला, “लिहा आजोबा, पण आजीला कुणी फोन करून विचारू नका म्हणावं.” तेव्हा मंडळी, कृपया फोन करू नका.)

तर एका शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास हा दारात हजर. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या दिवशी त्याच्या एका मित्राचा वाढदिवस होता आणि सगळे मिळून पिझ्झा खायला जाणार होते, हे त्यानेच मला आदल्या रविवारी सांगितलं होतं.

“काय रे, गेला नाहीस?”

“नाही आजोबा. पोट बिघडलंय.”

मी म्हटलं बरं, मऊ भात टाकतो. पण माझं पिठलं आधीच तयार होतं. या पठ्ठ्याने दोन ताटं भात आणि सगळं पिठलं संपवलं, वर कढईला लागलेली खरवडही खाल्ली. बिघडलेलं पोट पिठल्याला असं भिडत नाही, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी काही बोललो नाही. हात धुऊन आल्यावर तोच म्हणाला, “माणशी तीनशे काढायचे होते. या महिन्यात नाही जमत.”

त्याच्या वडिलांचं चिपळूणच्या बाजारपेठेत छोटंसं दुकान आहे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीला पूर आला आणि अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा यांच्याही दुकानातला माल चिखलात गेला. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. तीनशे रुपये वडिलांकडे मागितले असते तर त्यांनी पाठवले असते. पण याने मागितले नाहीत. आणि मित्रांना ‘पैसे नाहीत’ असंही सांगितलं नाही. पोट बिघडलं म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते पोट बिघडणं माझ्या ओळखीचं होतं.

१९८० च्या दशकातली गोष्ट. उपनगरातल्या एका मराठी शाळेत मी वर्गशिक्षक. दरवर्षी डिसेंबरात सहल निघायची. वर्गणी असायची तीस-पस्तीस रुपये. मी रोज हजेरी झाली की ज्यांची वर्गणी यायची राहिली त्यांची नावं मोठ्याने वाचायचो. उभं राहायचं आणि कधी आणणार ते सांगायचं. शिस्त म्हणजे शिस्त! एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या वर्षी ती म्हणाली, “सर, मला गाडी लागते.” दुसऱ्या वर्षी म्हणाली, “सर, घरी लग्न आहे.” तिसऱ्या वर्षी पुन्हा लग्न. मी वर्गासमोर म्हटलं, “अगं, तुमच्याकडे दरवर्षी नेमकं सहलीच्याच दिवशी लग्न कसं गं निघतं?” वर्ग खो खो हसला. तीही हसली. मला माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं.

पुढे कधीतरी शिक्षकांच्या खोलीत कळलं की तिची आई चार घरची धुणीभांडी करायची आणि ही पाठची दोन भावंडं सांभाळून शाळेत यायची. तोवर ती दहावी होऊन शाळेबाहेर पडली होती. तिची माफी मागायची राहून गेली ती गेलीच.

हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो आहे, कारण पुढचं मत त्याच्यावर उभं आहे.

आमचे वडील वार लावून शिकले. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचा, सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. पुण्या-साताऱ्याकडे कितीतरी मुलं अशीच शिकली, मोठीही झाली. वडील त्या घरांबद्दल कधी वावगं बोलले नाहीत. पण म्हणायचे की दुसऱ्याच्या पानावर मान खाली घालून जेवायची सवय लागली की ती वर यायला फार वर्षं लागतात. म्हणूनच बहुधा त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल अतोनात आदर होता. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, स्वतः कामं करायची, स्वतः रांधायची आणि एका पंक्तीला जेवायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. आपण त्या त्यागाची गोष्ट सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण मला त्यातली दुसरी बाजू तितकीच मोठी वाटते. तिथला मुलगा कुणाच्या दारातला आश्रित नव्हता. भाकरीच्या पिठात त्याचा स्वतःचा हात होता.

रविवारी नातू आला तेव्हा मी त्याला म्हटलं, “तू कशाला जातोस त्यांच्याकडे? तूच बोलाव त्यांना. इथे. पिझ्झा करू.”

“आजोबा, तुम्हाला येतो?”

“नाही. तुला?”

“नाही.”

झालं तर मग. दोघेही एका इयत्तेत!

आता आमचे प्रयोग सांगतो. नातवाने मोबाईलवर कृती शोधली. मैदा, पाणी, मीठ, साखर, तेल आणि कोरडं यीस्ट. कृतीत ‘कोमट पाणी’ असं लिहिलं होतं. मी आंघोळीचं पाणी ज्याला कोमट म्हणतो तसं घेतलं. म्हणजे इतर माणसांच्या भाषेत कढत. यीस्ट हा जिवंत प्राणी... प्राणी नव्हे, बुरशीच्या जातीचा एकपेशीय जीव. साठ अंशांच्या आसपास तो मरतो. आमचा मेला. दोन तासांनी भांडं उघडलं तर गोळा होता तसाच, वरवंट्यासारखा. त्याच्या आम्ही दशम्या करून खाल्ल्या, त्या चावता चावता माझी कवळी दोनदा निघाली.

दुसऱ्या वेळी धसका घेऊन यीस्ट दुप्पट घातलं. पीठ असं फुगलं की झाकण उचलून बाहेर आलं. पण घरभर ताडीच्या दुकानासारखा वास!

तो वास आला आणि मला आमच्या शाळेतल्या उत्तनच्या एक शिक्षिका आठवल्या. नाताळानंतर त्या डबाभर ‘फुगे’ आणायच्या. आंबवलेल्या मैद्याच्या पिठाचे हाताने सोडून तळलेले गोळे. त्यांनी सांगितलं होतं की पूर्वी हे पीठ ताडीने आंबवायचे. म्हणजे पाहा, वसई आणि हा सगळा किनारा १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्यांनी पाव आणला, ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. यीस्टची पुडी कुठे मिळणार? मग इथल्या माडा-ताडाच्या झाडावरून खमीर घेतलं. आणि पिझ्झ्यात जे मीठ लागतं त्यासाठी तर भाईंदर पूर्वीपासून प्रसिद्ध. १९८६ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा लोकलच्या खिडकीतून मिठागरांमधले मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. तेव्हा ‘पिझ्झा म्हणजे परक्यांची थेरं’ असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना माझं सांगणं आहे की आंबवलेल्या पिठाची भाकरी आपल्या उंबऱ्याशी पावणेपाचशे वर्षं येऊन बसली आहे. आणि आंबोळी, इडली, जिलबी यांचं पीठ काय वेगळं करतं? पिझ्झाही मूळचा नेपल्सच्या गोरगरिबांचा, रस्त्यावर उभ्या उभ्या खायचा. १८८९ साली राणी मार्गारिताला तो आवडला अशी गोष्ट सांगतात, २०१७ साली युनेस्कोने तो भाजणाऱ्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण जन्म गरिबाघरचा. आपल्या सरकारनेही २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी, पराठा आणि पिझ्झा ब्रेड तिघांवरचा जीएसटी एकदमच काढून टाकला. म्हणजे सरकारदरबारीही ते आता एका पंगतीत बसले!

असो. गाडी रुळावर आणतो.

तिसऱ्या खेपेला जमलं. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी प्रमाण देतो, चार जणांचं. अर्धा किलो मैदा. (निम्मी-पाव कणीक घातली तरी चालते, चव खरपूस येते, फुगतं थोडं कमी.) पोह्यांचा एक चमचा कोरडं यीस्ट, दोन चमचे मीठ, चिमूटभर साखर, एक पळी तेल. पाणी साधारण तीनशे मिली, पण पावसाळ्यात आमच्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की थोडं हात राखूनच घालावं. पाणी करंगळीला सुखावेल इतकंच कोमट. त्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवायचं. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे, नाही आला तर मैदा वाया घालवू नका. मीठ मैद्यात मिसळायचं, थेट यीस्टवर टाकायचं नाही.

मग तिंबायचं. चांगली दहा मिनिटं, घड्याळ लावून. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं, माणूस वैतागतो आणि वरून मैदा ओततो. तसं करू नये. पाच-सहा मिनिटांनी ते आपोआप सुधारतं, ताणलं तर तुटत नाही, लहान मुलाच्या गालासारखं लागतं. झाकून ठेवलं की आपल्या हवेत दीड तासात दुप्पट होतं. कॉलेज आणि क्लासवाल्या मुलांना दीड तास घरी बसायला वेळ नसेल तर यीस्ट पाव चमचाच घालावं, गार पाण्यात भिजवावं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. चव आणखी चांगली येते आणि काम झोपेत होतं.

ओव्हन आमच्याकडे नाही, मुलांकडे कुठून असणार? हिचा बिडाचा तवा माळ्यावरून काढला. चार गोळे करून पंधरा मिनिटं झाकून ठेवले, मग हाताने थापले. तापलेल्या तव्यावर एक बाजू झाकण घालून दोन-तीन मिनिटं भाजायची, खाली तांबूस ठिपके आले की उलटायचं. भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर लसूण घालून आटवलेला टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, किसलेलं चीज. गॅस बारीक, पुन्हा झाकण, पाच मिनिटं. बस्स.

आणि हिशेब. हिशेब नातवाने वहीत लिहिला आहे. मैदा पंचवीस, यीस्ट पुडीतलं पाच रुपयांचं, टोमॅटो पंचवीस, कांदा-सिमला मिरची वीस, लसूण-तेल दहा आणि चीज एकशे तीस. एकूण दोनशे पंधरा. माणशी चौपन्न रुपये. गॅस धरलेला नाही. निम्म्याहून जास्त पैसे एकट्या चीजचे, बाकी सगळा पिझ्झा पंच्याऐंशी रुपयांत! भाकरी नेहमीच स्वस्त असते, महाग असतं ते तोंडीलावणं.

इथे माझ्या वयाच्या लोकांचा एक आवडता उपदेश असतो: “पाहिलंत? घरी केलं की किती वाचतं! तुम्ही मुलं उगाच बाहेर उधळता.” हा उपदेश मला करायचा नाही. पहिली गोष्ट, हिशेब तितका सरळ नाही. आमचे दोन प्रयोग फसले, त्याचे पैसे धरायला हवेत. तवा, फ्रिज, गॅस आणि रिकामा वेळ असलेला एक म्हातारा, हे सगळं माझ्या घरी फुकट मिळालं. कित्येक वसतिगृहांत खोलीत शेगडीला बंदी असते, कित्येक घरमालक ‘स्वयंपाक करायचा नाही’ या अटीवर खोली देतात. अशा मुलाला ‘घरी कर’ म्हणणं म्हणजे नुसतं बोलणं. आणि मैदा काही रोज खायची वस्तू नव्हे, रोजच्याला वरण-भातच बरा. दुसरी गोष्ट, मुलं बाहेर जातात ती पिझ्झ्यासाठी जात नाहीत. मित्रांमध्ये बसायला जातात. तीनशे रुपये ही त्या बसण्याची वर्गणी असते. ती परवडत नाही तो मुलगा पिझ्झ्याला मुकतो याचं मला वाईट वाटत नाही, तो मैत्रीला मुकतो याचं वाटतं.

म्हणून माझं मत असं आहे. ज्याला चार माणसांपुरतं काही रांधता येतं, तो कमी पैशांतही यजमान होऊ शकतो. वर्गणी देऊ न शकणारा मुलगा आणि मित्रांना जेवायला बोलावणारा मुलगा यांच्यात खिशातल्या पैशांचा फरक फारसा नसतो. एकाला पीठ मळता येतं, एवढाच असतो. आणि ही गोष्ट आपण शाळेत शिकवायला हवी. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. आमच्या शाळांत तिचा उरलासुरला अंश ‘कार्यानुभव’ या तासाच्या रूपाने आला आणि त्या तासाला बहुतेक वेळा गणित घेतलं गेलं. मीही घेतलं आहे, खोटं कशाला बोलू? जे काही व्हायचं त्यातही पाककृती मुलींसाठी आणि खिळे-हातोडी मुलांसाठी. त्याचं फळ म्हणजे सत्तरीनंतर एकटा पडल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत उभा राहिलेला मी. मुलगा असो, मुलगी असो, दहावीच्या आत कणीक भिजवणं, वरण-भात लावणं आणि केलेल्याचा हिशेब मांडणं यायलाच हवं. शेगडी नसेल तर निदान पीठ मळायला परात लागते, ती कोणत्याही शाळेला परवडेल.

दुसरं सांगणं शिक्षकांना. सहलीची, स्नेहसंमेलनाची, कशाचीही वर्गणी गोळा करताना नावं वाचू नका. पाकिटातून घ्या, पालकांकडून परस्पर घ्या, ज्याची येणार नाही त्याची मुकाट्याने सोय करा. आणि कुणी गाडी लागते म्हणालं, तर फार खोलात न शिरता आधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.

शेवटी त्या दिवसाचं सांगतो. तिघे मित्र आले. एक नांदेडकडचा, एक पालघरचा, एक इथलाच, ज्याचा वाढदिवस होता तो. सुरुवातीला आजोबांसमोर अवघडून बसले, पण पीठ थापायला दिल्यावर मोकळे झाले. एकाचा पिझ्झा महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला, कोकण किनारपट्टीसह. नातू तव्यापाशी उभा राहून एकेकाला गरम गरम वाढत होता आणि स्वतः खायचं विसरला होता. ही असताना अशीच शेवटी बसायची, तेव्हा मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला हाताला धरून बसवला आणि शेवटचा पिझ्झा मी भाजला. थोडा करपला.

निघताना नांदेडच्या मुलाने विचारलं, “आजोबा, किती काढायचे आम्ही?” मी काही बोलायच्या आत नातू म्हणाला, “काही नाही रे. पुढच्या वेळी तू ज्वारीची भाकरी शिकव आम्हाला.”

तो मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “आईला विचारून येतो. मला येत नाही, पण शिकून येतो.”

पुढच्या रविवारी भाकरी आहे. माझी कवळी घट्ट करून घेतली आहे.